बालेवाडी ते नवले पूल: सेमीफायनलचे सहा दिवस

पहिला दिवस: बुधवार, ७ मार्च २०१८

आदल्याच दिवशी आमची रंगपंचमी झाली होती. कितीही घासलं तरी कानामागचा रंग निघेना, तो तसाच घेऊन सकाळी कोल्हापुरातून गाडीत बसलो. दिवाळीत भाचीला शब्द दिला होता, "तुमचं पुणे पहिल्या चारांत आलं तर मॅचला येतो." एफसी पुणे सिटी ही पुण्याची फुटबॉल टीम २०१४ पासून इंडियन सुपर लीग खेळत होती, पण पहिल्या तीन हंगामांत एकदाही सेमीफायनल गाठता आली नव्हती. यंदा १० संघांत, १८ मॅचमध्ये ३० गुण घेऊन चौथा नंबर आला. दोन लढतींची सेमीफायनल, पहिली पुण्यात, दुसरी रविवारी बेंगळुरूत. आणि समोर ४० गुणांनी अव्वल आलेली बेंगळुरू एफसी.

बालेवाडीला जायचं असेल तर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्यांनी स्वारगेटला उतरू नये. मुंबईला जाणाऱ्या गाड्या कात्रज बायपासने जातात आणि स्टेडियम त्याच हायवेला लागून आहे. ड्रायव्हरला आधी सांगून ठेवलं की उतरवतो. शहरातून उलटं यायला जो दीड तास जातो तो वाचतो.

ताई, दाजी आणि भाची गेटवरच उभे होते. भाची १३ वर्षांची, शाळेच्या टीममध्ये गोलकीपर. अंगात केशरी जर्सी, आणि हातात चक्क गोलकीपरचे ग्लोव्हज. "ते कशाला?" म्हटलं तर म्हणाली, "मामा, मी कैथबरोबर खेळणार आहे." विशाल कैथ तेव्हाचा पुण्याचा गोलकीपर. आधी मला तो बोलण्यापुरता भाग वाटला, पण मॅच सुरू झाल्यावर बघितलं तर पोरगी खरोखर बॉलकडे बघतच नव्हती. बॉल पलीकडच्या टोकाला असला तरी तिची नजर कैथवर. तो दोन पावलं पुढं आला की हिच्या टाचा उचलायच्या.

मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर वाढलेला माणूस. आमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस अशा तालमींच्या फुटबॉल टीम, आणि त्यातलं आपलं कोण हे जन्माच्या पेठेवरून ठरतं. ते कुणी निवडत नाही. बालेवाडीत मला पहिल्यांदा दिसलं की इथली माणसं आपली टीम स्वतः निवडून आलीत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं हे संकुल. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळं खेळाडू जरा लांब पडतात. तरी ऑरेंज आर्मीच्या, म्हणजे पुणे सिटीच्या चाहत्यांच्या, कोपऱ्यात उभं राहिलं की ते अंतर जाणवत नाही. गणपतीतल्या पथकाचा ढोल, तोच ठेका, फक्त 'मोरया'च्या जागी 'पुणे'. ढोल वाजवणाऱ्या पोराच्या टिपरूला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि दुसऱ्या हाफपर्यंत ती घामानं काळी पडलेली.

शेजारी एक काका भेटले. सत्तरीकडे झुकलेले, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, गळ्यात पुणे एफसीचा जुना मफलर. पुणे सिटीचा नव्हे, त्याच्या आधीच्या पुणे एफसीचा. त्यांनी भाचीचे ग्लोव्हज बघितले आणि आपला उजवा हात तिच्यापुढं धरला. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. "कारखान्याच्या टीमचा गोलकीपर होतो. हे एकदा मोडलं आणि मॅच संपेपर्यंत कुणाला सांगितलं नाही." त्यानंतर ती दोघंच बोलत होती. मी आणि दाजी नुसते शेजारी उभे.

मॅच शून्य-शून्य सुटली. बेंगळुरूवाले सावध खेळले, आपणही सावधच. आपल्या मार्सेलिन्यो आणि अल्फारोला बॉल मिळाला की सगळा स्टँड उभा राहायचा आणि परत बसायचा. लोक बाहेर पडले ते ना हरलेले ना जिंकलेले. काका मात्र खुशीत होते. "घरी गोल खाल्ला नाही. आता रविवारी तिकडं जाऊन एक मारायचा." भाचीनं लगेच आठवण दिली की गेल्या महिन्यात तिथं आपण एक-एक बरोबरी केली होती.

मॅचला जाणाऱ्यांसाठी थोडं: पाण्याची बाटली आणि सुटी नाणी आत नेऊ देत नाहीत, दहा-वीसच्या नोटाच ठेवा. मार्चमध्ये दुपारी कितीही ऊन असलं तरी रात्री नऊनंतर मोकळ्या मैदानावरून गार वारा येतो, लहान मूल बरोबर असेल तर स्वेटर हवाच. परतीला बसच्या भरवशावर राहू नका. रिक्षा बालेवाडी फाट्यापर्यंत चालत गेल्यावर मिळते, गेटवर नाही.

दुसरा दिवस: गुरुवार

ताईचं घर कोथरूडला. सकाळी दाजींनी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खायला नेलं. बरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस. रश्श्याला आमच्यासारखा जाळ नाही, गोडसर चव आहे, आणि दुसऱ्या वाटीला ती जिभेवर बसते. दाजी म्हणाले, "तुमच्यासारखी नसणार." मी म्हटलं, "दाजी, ही हिची ही आहे." खरंच आवडली. लवकर जा, साडेनऊनंतर रांग लागते.

संध्याकाळी भाचीला घेऊन एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर गेलो. तिथं चार-पाच ठिकाणी एकाच वेळी खेळ चालू होता, एका टीमचा गोल दुसऱ्या टीमच्या मिडफिल्डमध्ये. केशरी जर्सी मोजल्या, अकरा भरल्या. बार्सिलोना आणि मँचेस्टर युनायटेडच्या त्याहून जास्त होत्या, पण अकरा होत्या. कोल्हापूरचा अनिकेत जाधव गेल्या वर्षी सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा आमच्याकडे लहान पोरांत अचानक त्याचं नाव पाठीवर लिहून घ्यायची लाट आली होती. गावातलं कुणीतरी, गावाचं काहीतरी असलं की असं होतं. या अकरा पोरांकडे बघून तेच आठवत होतं.

तिसरा दिवस: शुक्रवार

काकांनी गुडलकमध्ये बोलावलं होतं. डेक्कनवरचा हा इराणी १९३५ चा. बन मस्का आणि चहा, दुसरं काही मागवायची गरज नाही. बन चहात बुडवायचा, पण लगेच काढायचा, नाहीतर अर्धा कपात राहतो.

मी मफलरचं विचारलं. काकांनी तो गळ्यातून काढून टेबलावर पसरला. लोकर जागोजाग उसवलेली, एका टोकाला वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेली.

"२००७ ला पुणे एफसी सुरू झाली," ते सांगायला लागले. "तेव्हापासून मी बालेवाडीला. २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, दुसरे आलो. दुसरे! वाटलं, आता एक वर्ष, फार तर दोन. २०१५ ला क्लब बंद. भारत एफसी आली, एक हंगाम खेळली, बंद. मग डीएसके शिवाजियन्स, तीही गेल्या वर्षी थांबली. मी तिन्हींच्या मॅचला गेलोय."

मला काय बोलावं कळेना. आमच्याकडे तालीम हरते, खालच्या गटात जाते, भांडणं होऊन मॅच बंद पडते, पण तालीम बंद पडत नाही. तिची इमारत आहे, मारुती आहे, कट्टा आहे. हरलेल्या रात्री सगळे त्या कट्ट्यावर बसतात आणि बारा वाजेपर्यंत कुणी घरी जात नाही. हरल्यावर बसायला जागा असते हे मी कधी मोजलंच नव्हतं.

"मग परत ही केशरी कशी धरली?" मी विचारलं.

"पोरं होती ना. तो ढोलवाला पुणे एफसीच्या मॅचला वडिलांच्या खांद्यावर यायचा. ती म्हणाली, काका चला. गेलो." कप बशीवर ठेवत ते म्हणाले, "अहो कोल्हापूरकर, हरण्याची मला भीती नाही. हरलेली टीम ऑगस्टमध्ये परत सरावाला येते. मला ते ऑगस्ट पाहिजे."

संध्याकाळी बाणेरला एका इमारतीच्या गच्चीवर बॅनर रंगवायचं काम चाललं होतं, भाचीनं मला तिथं ओढून नेलं. दहा-बाराजण शनिवारी रात्री बसनं बेंगळुरूला निघणार होते, काकाही. पांढऱ्या मांजरपाटावर 'पुणेकर आलेत' असं मोठं लिहायचं. केशरी रंग 'ले'पर्यंत पुरला. दुकान बंद झालेलं. कुणीतरी खालून पिवळा आणला, त्यात उरलेला तांबडा मिसळला, आणि शेवटचा 'त' भाचीनं रंगवला. तो बाकी अक्षरांहून पिवळट दिसत होता. ढोलवाला म्हणाला, "असू दे, टीव्हीवर आपला लगेच ओळखता येईल."

चौथा दिवस: शनिवार

फार काही नाही. मंडईत साखरेच्या गाठी आल्या होत्या, पाडवा आठवड्यावर आला होता. आईसाठी पांढऱ्या-गुलाबी चार माळा घेतल्या. दुपारी सुजाताची मस्तानी. रात्री बस सुटताना निरोप द्यायला गेलो, ढोल डिकीत आडवा बसेना म्हणून दोन सुटकेस मांडीवर घेतल्या गेल्या. काकांनी खिडकीतून भाचीला करंगळी दाखवली.

पाचवा दिवस: रविवार, ११ मार्च

तीच बाणेरची गच्ची. प्रोजेक्टर, भिंतीला ताणलेली चादर, पाण्याच्या टाकीला टेकून बसलेली चाळीसेक माणसं. घरमालक काकूंनी सगळ्यांसाठी पातेलंभर मसालेभात केला होता आणि सांगून ठेवलं होतं, "हाफटाइमला मिळेल, आधी कुणी झाकण उघडायचं नाही." दिवसभर उकाडा होता, आठ वाजता वारा सुटला आणि चादर हलायला लागली. खालच्या दोन टोकांना विटा बांधल्या.

बेंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम निळंशार दिसत होतं. कॅमेरा एकदा, फक्त एकदा, कोपऱ्यातल्या केशरी ठिपक्यावरून फिरला. बॅनर जेमतेम सेकंदभर. शेवटचा पिवळट 'त' दिसला आणि गच्ची अशी ओरडली की समोरच्या इमारतीतले दिवे लागले. भाची दोन्ही हातांनी ग्लोव्हज तोंडावर दाबून हसत होती.

१५ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या सुनील छेत्रीनं डोक्यानं पहिला गोल केला. कुणी काही बोललं नाही. अजून ७५ मिनिटं होती, आणि एका गोलनं बरोबरी होणार होती. हाफटाइमला मसालेभात आला, लोकांनी खाल्लाही. पण काकू प्रत्येकाच्या ताटलीत बघत होत्या, कोण टाकतंय म्हणून.

दुसऱ्या हाफमध्ये भाची माझ्याशी सारखी एकच तक्रार करत होती. "मामा, हे कैथला दाखवतच नाहीत. बॉल तिकडं असला की तो काय करतोय ते कळत नाही." मैदानावर तिला हवं ते बघता यायचं. इथं दुसरं कुणीतरी तिच्यासाठी बघत होतं.

६५ व्या मिनिटाला पेनल्टी. छेत्रीच. ती मारायच्या आधी भाची उठली, चादरीसमोर जाऊन थोडी वाकून उभी राहिली, हात पसरून. प्रोजेक्टरचा अर्धा उजेड तिच्या पाठीवर. एरवी कुणीतरी "बाजूला हो" म्हणून ओरडलं असतं, त्या वेळी एकानंही ओरडलं नाही. बॉल आत गेला. ती तशीच दोन क्षण उभी राहिली आणि मग परत माझ्या शेजारी येऊन बसली.

दोन-शून्य. टाकीजवळचे दोघे उठून जिन्याकडे गेले. एक बाप आपल्या पोराला समजावत होता की सकाळी शाळा आहे, आणि पोरगं ऐकत नव्हतं. मी घड्याळ बघत होतो. आणि ८२ व्या मिनिटाला आपल्या जोनातन लुकानं फ्री किक घेतली, बॉल जाळ्यात. जिन्यात गेलेले दोघे धावत वर आले. कुणाचं तरी डोकं माझ्या हनुवटीवर आदळलं. काकूंनी पातेल्याचं झाकण उचलून चमच्यानं बडवायला सुरुवात केली. आठ मिनिटं आणि वरचा वेळ. आणखी एक, फक्त एक. त्या सात मिनिटांत मी पुणेकर झालो होतो, हे मी पेठेतल्या मित्रांनाही सांगितलंय.

८९ व्या मिनिटाला छेत्रीचा तिसरा. तीन-एक.

शिट्टी वाजल्यावर प्रोजेक्टर कुणी बंद केला नाही. निळे लोक नाचताना चादरीवर दिसत होते, वाऱ्यानं त्यांची तोंडं फुगत होती. एक कॉलेजातला मुलगा पॅरापेटकडे तोंड करून उभा होता, खांदे हलत होते, त्याचा मित्र पाठीवर हात ठेवून नुसता उभा. मग बोलणं सुरू झालं, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. कुणी म्हणालं, पहिल्या मॅचला घरी धाडस करायला हवं होतं. कुणी म्हणालं, छेत्री एकटा पुरला आपल्याला, तीनही त्याचेच. एकजण रेफरीला शिव्या द्यायला लागला, दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, "आपण हरलो, त्याचं नाव काढू नकोस." एका मुलीनं फोनवर पुढच्या हंगामाच्या तिकिटांचं पान उघडलं होतं, तिथं अजून काहीच नव्हतं. ती तरी ते खालीवर करत होती.

साडेदहा, अकरा, सव्वाअकरा. कुणी घरी जात नव्हतं. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि माझ्या लक्षात आलं, मी ही बैठक ओळखतो. मारुती नव्हता, इमारत भाड्याची होती, पण कट्टा होता.

भाचीनं ग्लोव्हज काढले, एकात एक घातले, वेलक्रो लावला, परत काढला, परत लावला. तो खर्र खर्र आवाज मला घरी जाईपर्यंत ऐकू येत होता. रिक्षात ती एकच वाक्य बोलली. "तिसऱ्या गोलला कैथ बाहेर यायला पाहिजे होता का? टीव्हीवर नीट दिसलंच नाही. काकांना विचार."

सहावा दिवस: सोमवार

ती शाळेत गेली. युनिफॉर्मच्या कॉलरखाली केशरी दिसत होतं. ताईनं बघितलं आणि काही बोलली नाही.

बेंगळुरूहून येणारी गाडी कोल्हापूरवरूनच पुण्याला येते. म्हणजे ही मंडळी सकाळीच आमच्या गावावरून गेली असणार. दुपारी दीडच्या सुमाराला नवले पुलापाशी उतरणार होती, आणि माझीही परतीची गाडी तिथूनच. कोल्हापूरला जाणाऱ्यांनी शहरातून सुटणाऱ्या गाडीऐवजी नवले पुलाला उभं राहावं, दर दहा-पंधरा मिनिटांनी काहीतरी मिळतं. मात्र सर्व्हिस रोडवरच थांबा, पुलावर गाड्या वेगात असतात.

दाजी आणि मी २० वडापाव बांधून घेऊन गेलो. ऊन डोक्यावर होतं. गाडी दोनला आली. आधी ढोल उतरला, मग ढोलवाला. त्याचा आवाज पूर्ण बसला होता, तो नुसता मान हलवत वडापाव घेत होता. दोन पोरं फूटपाथवरच बसून खायला लागली. मला वाटलं होतं सगळे गप्प असतील, पण ते एकमेकांना मधेमधे तोडत लुकाच्या गोलबद्दल सांगत होते. तो त्यांच्याच बाजूला झाला की पलीकडं, यावरही दोन मतं होती. त्या सात मिनिटांत त्या निळ्या गर्दीत आपलाच ढोल ऐकू येत होता, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

काका शेवटी उतरले. पाय सुजलेले, मफलर कमरेला बांधलेला, काखेत गुंडाळलेला बॅनर. तो त्यांनी दाजींच्या हातात दिला. "पोरीला द्या. तिच्याकडे राहू दे."

मी तिचा प्रश्न विचारला. काकांनी वडापाव कागदात परत गुंडाळला, रिकाम्या हातानं हवेत काहीतरी रेघ ओढली, मग पुसली.

"असं सांगून नाही कळायचं. मी गोलच्या मागंच होतो. तिला म्हणावं, शनिवारी ग्लोव्हज घेऊन मैदानावर ये, उभं करून दाखवतो. कोण कुठं होतं ते सगळं."

माझी गाडी आली. खंबाटकी ओलांडून साताऱ्याजवळ पोचलो तेव्हा ताईच्या फोनवरून भाचीचा फोन आला. शाळा सुटली होती, बॅनर मिळाला होता, त्याला डिझेलचा वास येतोय म्हणाली.

"काकांना विचारलंस?"

काकांनी सांगितलं होतं ते मी शब्द न् शब्द सांगितलं. पलीकडं थोडा वेळ काही नाही. मग तिनं विचारलं, "शनिवारी किती वाजता?"